विक्का पंथातील आठ ऋतुपर्वे : नवशिक्याने सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : नवजिज्ञासू

नमस्कार. गेले काही महिने मी विक्का या चेटूकविद्येशी नाते सांगणाऱ्या निसर्गपूजक पंथाविषयी वाचत आहे आणि ऋतुचक्राशी बांधलेल्या त्याच्या आठ पर्वांचे मला विशेष आकर्षण वाटते. मात्र जितके वाचावे तितका गोंधळ वाढत जातो. ही पर्वे आयर्लंड-ब्रिटनमधील प्राचीन केल्टिक लोकांकडून अखंड चालत आली आहेत, असे एके ठिकाणी सांगितले जाते. तर संपूर्ण पंथच विसाव्या शतकात जन्माला आला, असे दुसरीकडे ठामपणे लिहिलेले आढळते. तारखांचेही एकमत नाही. साउइन हे पर्व कोणी ३१ ऑक्टोबरला मानतात, तर कोणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्यात सुरी, पेला, छडी, धूपपात्र, कढई आणि झाडू अशा साहित्याच्या लांबलचक याद्या पाहिल्या की, हे सारे जमवल्याखेरीज काही आरंभता येईल की नाही, अशी शंका येते.

माझा कोणत्याही गटाशी संबंध नाही आणि सध्या तरी एकट्यानेच काही करून पाहण्याचा विचार आहे. म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटते : दीक्षा न घेता ही पर्वे पाळता येतात का, आठही पाळणे आवश्यक असते का आणि नवशिक्याने त्यांपैकी पहिले कोणते निवडावे?

प्रतिसाद : ग्रंथवाचक

आपण वाचलेल्या दोन्ही विधानांत तथ्य आहे. फक्त ती वेगवेगळ्या गोष्टींविषयी आहेत. पंथ म्हणून विक्का आधुनिक आहे. जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) हे मलायात जकात खात्यात नोकरी केलेले इंग्रज गृहस्थ निवृत्तीनंतर इंग्लंडला परतले आणि १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट परिसरातील एका गटाने आपल्याला दीक्षा दिली, असे त्यांनी पुढे सांगितले. चेटूकविद्येविषयीचा १७३५ चा ब्रिटिश कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक आले. त्याला मार्गारेट मरे यांची प्रस्तावना होती. युरोपात चेटकीण ठरवून ज्यांच्यावर खटले चालले ते लोक एका जुन्या, लपून टिकलेल्या धर्माचे अनुयायी होते, हा सिद्धान्त मरेबाईंनीच १९२१ मध्ये मांडला होता. इतिहासकारांनी तो पुढे नाकारला. परंतु तोवर पंथाच्या स्वतःविषयीच्या कथेत तो पुरता मुरला होता. विधींची भाषा आज जशी काव्यमय वाटते, तिचे बरेचसे श्रेय डोरीन व्हॅलिएन्टे यांना द्यावे लागते. १९५३ मध्ये दीक्षा घेतल्यावर त्यांनी गार्डनर यांच्या संहितांचे मोठ्या प्रमाणावर पुनर्लेखन केले.

आता पर्वांकडे वळू. आठांपैकी चार, म्हणजे साउइन, इम्बोल्क, बेल्टेन आणि लूनासा, ही मध्ययुगीन आयरिश साहित्यात खरोखर उल्लेखलेली आहेत आणि त्यांचा संबंध गुरे, चराई व सुगी यांच्याशी आहे. बेल्टेनला दोन अग्नींच्या मधून गुरे हाकून नेण्याची प्रथा होती, कारण तेथून पुढे ती उन्हाळी कुरणांवर जायची. उरलेली चार सूर्याच्या गतीवर बेतलेली आहेत : वर्षातील सर्वांत मोठी रात्र, सर्वांत मोठा दिवस आणि दिवस-रात्र समान असण्याचे दोन संपात. हिवाळ्याच्या मध्यावरील यूल हा सणही जुना आहे, पण तो जर्मेनिक लोकांचा. ही आठही पर्वे एकाच चक्रात गुंफून पाळणारा एखादा प्राचीन समाज होता, याला मात्र पुरावा नाही. हे चक्र १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये जुळवले गेले. गार्डनर यांच्या ब्रिकेट वुड येथील गटात सूर्याच्या चार पर्वांना प्रथम दुय्यम स्थान होते आणि ती जवळच्या पौर्णिमेला उरकली जात. १९५८च्या सुमारास सदस्यांच्याच आग्रहावरून त्यांना बरोबरीचे स्थान मिळाले. गार्डनर यांचे स्नेही रॉस निकोल्स यांनी १९६४ मध्ये जी ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारी) संस्था स्थापन केली, तिनेही हेच अष्टक स्वीकारले.

काही नावे तर त्याहूनही अलीकडची आहेत. शरदसंपाताला ‘मेबन’ हे नाव एडन केली या अमेरिकन अभ्यासकाने १९७०च्या दशकात दिले. मेबन हे वेल्श कथांतील एक पात्र आहे. तान्हेपणीच आईपासून हिरावले गेलेले. त्या कथेचा शरदसंपाताशी मूळचा काही संबंध नाही. वसंतसंपाताच्या ‘ओस्टारा’ या नावामागे बीड या इंग्रज मठवासी लेखकाने इ. स. ७२५ मध्ये इओस्ट्रे नावाच्या देवतेचा केलेला एक त्रोटक उल्लेख आहे. त्यावर ससे आणि अंडी यांच्या ज्या कथा रचल्या जातात, त्यांतली एकही बीडने सांगितलेली नाही.

तारखांचा घोळ यातूनच समजतो. बहुतेक जण रूढीनुसार ३१ ऑक्टोबरचा सूर्यास्त ते १ नोव्हेंबर हा काळ धरतात. संपात आणि मोठी रात्र यांच्या बरोबर मध्यावर सूर्य येण्याचा क्षण ज्यांना हवा असतो, ते ७ नोव्हेंबरच्या आसपास थांबतात. दोन्ही पद्धती रूढ आहेत. एक निवडावी आणि वर्षभर तीच ठेवावी. कोणत्या पर्वापासून आरंभ करावा याचे उत्तर सोपे आहे : जे सर्वांत जवळ असेल त्यापासून. अनेक विक्कन साउइनला नववर्ष मानतात म्हणून त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

प्रतिसाद : एकांतसाधक

वरील प्रतिसादात इतिहास आला आहे, म्हणून मी केवळ आचरणापुरते लिहितो.

दीक्षेचा प्रश्न परंपरेवर अवलंबून आहे. गार्डनेरियन (गार्डनर यांच्यापासूनची) आणि अलेक्झांड्रियन (अ‍ॅलेक्स सँडर्स यांच्यापासूनची) परंपरांत गटाकडून दीक्षा मिळाल्याखेरीज कोणी विक्कन म्हणवून घेत नाही आणि त्यांच्या विधींचा मूळ पाठ बाहेरच्यांना दिला जात नाही. परंतु १९८०च्या दशकापासून, विशेषतः अमेरिकेत, एकट्याने साधना करणाऱ्यांचा प्रवाह मोठा झाला आणि आज असंख्य लोक याच मार्गाने चालतात. ऋतुपर्वे पाळण्यास कोणाची अनुमती लागत नाही. आपण दीक्षित आहोत असा आव न आणला म्हणजे झाले.

साहित्याच्या याद्यांचे दडपण घेऊ नये. अथामे या काळ्या मुठीच्या सुरीने तर सहसा काही कापायचेच नसते. तिने वर्तुळ आखायचे आणि दिशा दाखवायच्या. वनस्पती कापण्यासाठी पांढऱ्या मुठीची वेगळी सुरी असते. अथामेचे काम आरंभी तर्जनीनेही भागते. सर्वसाधारण क्रम असा : जागा झाडून स्वच्छ करावी, पूर्वेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालत वर्तुळ आखावे, पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल व उत्तरेला पृथ्वी या तत्त्वांचे आवाहन करावे, मग देवी आणि शृंगधारी देव यांचे. त्यानंतर त्या पर्वाचे जे काही कृत्य असेल ते करावे, थोडे खाणे-पिणे अर्पण करून स्वतः घ्यावे आणि शेवटी ज्यांना बोलावले त्या सर्वांचे आभार मानून, उलट्या दिशेने फिरत वर्तुळ मोडावे. हा शेवटचा भाग नवशिके हमखास गाळतात. तो गाळू नये. आवाहन केले की निरोपही द्यावाच लागतो.

प्रत्येक पर्वाला एक तरी हाताने करण्याची गोष्ट ठेवावी, असे मी सुचवेन. इम्बोल्कचे उदाहरण घ्या. १ फेब्रुवारीच्या सुमारास येणारे हे पर्व ब्रिजिड या देवतेचे असून आयर्लंडमध्ये तोच दिवस ब्रिजिड या संत स्त्रीचा म्हणून पाळला जातो. तिच्या नावाने लव्हाळ्याच्या ताज्या काड्यांचा क्रॉस विणतात. एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून तिच्या कमरेभोवती अशी अडकवायची की दोन्ही टोके उजवीकडे येतील. मग सारी जुळणी डावीकडे पाव वळसा फिरवायची आणि तिसरी दुमडलेली काडी आधीच्या दोन्ही पदरांवरून अडकवून पुन्हा उजवीकडे ओढायची. असेच फिरवत गेले की मध्यभागी घट्ट चौकोन तयार होतो आणि चार हात बाहेर येतात. त्यांची टोके दोऱ्याने बांधून सारखी कापायची. अंगठा जरा सैल पडला तर मधला चौकोन लगेच तिरका होतो. हा क्रॉस वर्षभर दारावर किंवा छताखाली राहतो. लव्हाळे मिळत नसेल तर गव्हाच्या भिजवलेल्या काड्याही चालतात.

साउइनला मौनभोजन करता येते : मृतांसाठी एक रिकामे आसन आणि वाढलेले ताट ठेवून, एक शब्दही न बोलता जेवायचे. यूलला ओंडका किंवा नुसती मेणबत्ती, ऑगस्टच्या आरंभी येणाऱ्या लूनासाला स्वतः भाजलेला पाव. संपातांना फार काही करावे लागत नाही. सूर्य कोठे उगवतो ते पाहून नोंदवले तरी पुरे. या नोंदींसाठी एक वही ठेवावी. पंथात तिला बुक ऑफ शॅडोज म्हणतात आणि चामड्याच्या बांधणीची महागडी वही विकणारे पुष्कळ असले, तरी साध्या वहीत लिहिलेली तारीख, हवामान, चंद्राची कला आणि केलेली कृती पुढच्या वर्षी अधिक उपयोगी पडते.

सुरक्षिततेविषयी मात्र थोडे आग्रहाने सांगतो. जुन्या पुस्तकांत भेटणाऱ्या बेलाडोना, फॉक्सग्लोव्ह आणि यू या वनस्पती विषारी आहेत; त्यांचा काढा, धूप किंवा लेप करू नये. बंद खोलीत धूर कोंडू देऊ नये, घरात मांजर असेल तर सुगंधी तेलांपासून तिला दूर ठेवावे आणि जळती मेणबत्ती सोडून झोपू नये. पांढरे सेज ही सुगंधी वनस्पती जाळण्याची टूम तर या पंथाची नव्हेच. ती उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींच्या विधींतून उचललेली आहे, आणि जागा शुद्ध करण्यास मीठ-पाणी पुरेसे असते.

नवजिज्ञासू

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन शंका उरतात. जो दक्षिण गोलार्धात राहतो त्याने यूल डिसेंबरच्या ऐन उन्हाळ्यात कसे पाळावे? आणि पुढे कधी एखाद्या गटात जावेसे वाटले, तर तो गट योग्य आहे हे कसे ओळखावे?

प्रतिसाद : दक्षिणवासी

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील बहुतेक साधक चक्र सहा महिन्यांनी फिरवतात : यूल २१ जूनच्या सुमारास, बेल्टेन ३१ ऑक्टोबरला, साउइन ३० एप्रिल किंवा १ मे रोजी. गंमत अशी की ऑक्टोबरअखेर सारी दुकाने हॅलोविनच्या भोपळे आणि सांगाड्यांनी भरलेली असताना येथे वसंताच्या फुलांचे पर्व चालू असते. अधिक विचार करावा लागतो तो दिशांचा. आमच्याकडे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे अनेक जण अग्नी उत्तरेला आणि पृथ्वी दक्षिणेला मांडतात. सूर्य आकाशात उजवीकडून डावीकडे सरकताना दिसतो, म्हणून वर्तुळही घड्याळाच्या उलट दिशेने आखतात. इंग्लंडमधील मांडणी जशीच्या तशी ठेवणारेही आहेत. परंपरेशी जोडलेले राहणे त्यांना अधिक मोलाचे वाटते. मला ते पटत नाही, कारण जे पर्व समोरच्या ऋतूशी बोलत नाही ते पाळण्यात हशील काय?

गटाविषयी सांगायचे तर, गटाला कोव्हन म्हणतात आणि रूढ कल्पनेनुसार त्यात तेरापर्यंत सदस्य असतात; प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून कमी. दीक्षेपूर्वी एक वर्ष आणि एक दिवस शिकण्याचा काळ ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ही मुदत दोन्ही बाजूंना एकमेकांना पारखण्यासाठी असते, म्हणून पहिल्याच भेटीत दीक्षा देऊ करणाऱ्या गटापासून दूर राहावे. दीक्षेसाठी मोठी रक्कम मागणारा, आप्तमित्रांशी संबंध तोडायला सांगणारा किंवा ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक न देणारा गटही टाळावा. काही जुन्या परंपरांत विधी विवस्त्र अवस्थेत होतात. ही बाब आधीच स्पष्टपणे सांगितली जायला हवी आणि ती नाकारल्यास कोणताही दबाव येता कामा नये. नामांकित गट अल्पवयीनांना घेत नाहीत. कोणाला इजा होत नसेल तर आपल्या इच्छेप्रमाणे वागावे, हे विक्काचे प्रसिद्ध वचन व्हॅलिएन्टे यांनी १९६४ मध्ये जाहीरपणे मांडले. त्यातील पहिली अट गटाच्या प्रमुखालाही लागू असते.

प्रतिसाद : ग्रंथवाचक

दिशांविषयीचा मुद्दा मान्य आहे. तरीही ‘समोरच्या ऋतूशी बोलणे’ हा निकष सरसकट लावता येईल असे मला वाटत नाही. साउइनसारख्या पर्वात मृतांचे स्मरण हा गाभा आहे आणि ते हवामानावर अवलंबून नसते. शिवाय विषुववृत्ताजवळ राहणाऱ्यांना चक्र सहा महिन्यांनी फिरवूनही काही साधत नाही, कारण तेथे दिवस-रात्रीची लांबी वर्षभर जवळजवळ सारखीच राहते. अशा साधकांसाठी पौर्णिमा हा अधिक भरवशाचा आधार ठरतो. पौर्णिमेच्या विधीला एसबॅट म्हणतात. वर्षात असे बारा, क्वचित तेरा येतात आणि ते पृथ्वीवर कोठेही एकाच वेळी येतात.

नवजिज्ञासू यांनीही पर्व दूर असल्यास येत्या पौर्णिमेपासून वहीतील पहिली नोंद करायला हरकत नाही.