व्हायोलिन-फिडलचा खासगी क्लास: चुकलेल्या तासाचे पैसे कुणी सोसायचे?

फिडल शिकवणारी

मी फिडल शिकवते. वाद्य व्हायोलिनच, पण वादन लोकधुनांचं आणि शिकणं मुख्यतः कानाने. एका वेळी एकच विद्यार्थी, वार ठरलेला, वेळ ठरलेली. नुकतेच क्लासचे नियम लिहून काढले आणि सगळ्यांना दिले. बाकी कशावर कुणी फारसं बोललं नाही, पण एका कलमावरून बरीच नाराजी आहे. ते कलम असं:

"फी महिन्याची आणि आगाऊ. विद्यार्थी आला नाही तर त्या तासाची भरपाई मिळणार नाही, फी पुढे वळती होणार नाही. मी तास घेऊ शकले नाही तर दुसरा तास देईन, नाहीतर पैसे परत."

काही पालकांचं म्हणणं, न झालेल्या तासाचे पैसे घेणं बरोबर नाही. मला हे कलम योग्यच वाटतं. मंगळवारी पाचची वेळ एका मुलाला दिली की ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही. दुपारी तीनला "आज येत नाही" असा निरोप आला, तर पाच वाजता त्या जागी मी कुणाला बोलावणार? शाळेत जाणारी मुलं मोकळी असतात ती संध्याकाळच्या तीन-चार तासांतच, आणि भरपाईचे तासही त्यातूनच काढायचे. समजा २० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाने महिन्यातून एकदाच दांडी मारली. तरी २० जादा तास झाले. ते सुट्टीच्या दिवशी घ्यायचे, तेही फुकट.

दुसरं कारण वाद्याचं. व्हायोलिनच्या बोटपट्टीवर (बोटं दाबायच्या पट्टीवर) गिटारसारखे पडदे नसतात. बोट कुठे पडायला हवं ते कान आणि सवय मिळून ठरवतात, आणि खंड पडला की आधी सवय मोडते. दोन आठवडे न आलेल्या मुलाचं तिसरं बोट स्वराला जरा कमी पडतं आणि चौथं तर मूल टाळतंच, त्याऐवजी पुढची तार मोकळीच, बोट न ठेवता वाजवतं. भरपाई सहज मिळते असं दिसलं की दांड्याही सहज पडतात.

विरोधी मतं जरूर मांडा. मला तीच ऐकायची आहेत.

दोन मुलांची आई

तुमचं वेळेचं गणित पटतं, तरी कलम पटत नाही. मुलाला सकाळी ताप आला तर मी काय करायचं? पैसे जाणारच आहेत, मग पाठवू या, असा विचार घरोघरी होतो. ते मूल तुमच्या खोलीत अर्धा तास खोकणार आणि पुढच्या मुलालाही आजारी पाडणार. आजारी मुलाला घरी ठेवताना आईबापांच्या मनात पैशाचा विचारच येऊ नये, असा नियम हवा.

शिवाय खासगी क्लासमध्ये पालकाची बाजू आधीच कमकुवत असते. वाद्य घेतलेलं असतं, मूल वाढेल तसं १/४ मापाच्या छोट्या वाद्यावरून १/२, मग ३/४ असं बदलत जावं लागतं. मुलाला शिक्षकांची सवय झालेली असते. मध्येच क्लास सोडवत नाही. अशात सगळे नियम एकाच बाजूने लिहिले गेले, तर पालकाला "पटत नसेल तर दुसरीकडे जा" एवढंच ऐकून घ्यावं लागतं. हे मला न्यायाचं वाटत नाही.

बरीच वर्षं शिकवतोय

आई, तुमची अडचण खरी आहे. पण त्यावर जो उपाय नेहमी सुचवला जातो, २४ तास आधी कळवलं तर भरपाई, तो आणखी वाईट आहे. ताप २४ तास आधी कळवून येत नाही, वाढदिवसाची पार्टी मात्र आठवडाभर आधी ठरलेली असते. म्हणजे ज्याची अडचण खरी त्याचे पैसे बुडणार आणि ज्याने हौसेने बेत आखला त्याला तास भरून मिळणार. मग शिक्षक अपवाद करू लागतो. कुणासाठी केला, कुणासाठी नाही, यावरून कुजबुज होते. कुणाचा ताप खरा आणि कुणाचा खोटा, हे ठरवत बसणं शिक्षकाचं काम नाही. सरसकट एकच नियम हवा. धागाकर्तीशी पूर्ण सहमत.

शिफ्टमध्ये काम करणारा

मोठेपणी शिकणाऱ्यांचा विचार यात कुठेच नाही. माझी ड्युटी दर आठवड्याला बदलते, ठरलेला वार मला शक्यच नाही. महिन्याची फी भरून निम्मे तास बुडवायचे, हे कुणालाच परवडणार नाही. माझे सर माझ्याकडून एकेका तासाची फी घेतात. ती महिन्याच्या हिशेबापेक्षा जास्त पडते, आणि ज्या वेळा रिकाम्या असतील त्यातलीच एक मिळते. पैसे भरल्याशिवाय वेळ पक्की होत नाही. मला हे रास्त वाटतं. सवलत मला हवी आहे, तर जादा पैसेही मीच द्यायचे. फक्त हा पर्याय नियमांत लिहिलेला हवा, नाहीतर नोकरदार माणूस नियम वाचूनच परत फिरतो.

कानाने शिकलेली

भरपाई म्हणजे समोरासमोरचाच तास, असं आपण का धरून चाललो आहोत? फिडलच्या बहुतेक धुना दोन भागांच्या असतात. प्रत्येक भाग ८ बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा), दोनदा वाजवायचा, की ३२ बारची एक फेरी पूर्ण. मूल आलं नाही तर शिक्षकाने त्याच राखीव वेळेत बसून त्याची धून रेकॉर्ड करावी. आधी पहिला भाग सावकाश, दोन-दोन बार सुटे करून, मग दुसरा, शेवटी पूर्ण फेरी नेहमीच्या लयीत. जादा तास घ्यावा लागला नाही, आणि पालकाच्या हातातही काहीतरी आलं. कागदावरच्या नोटेशनपेक्षा मूल असं रेकॉर्डिंग जास्त वेळा ऐकतं.

दोन मुलांची आई

रेकॉर्डिंग धून शिकवेल, हात कसा शिकवेल? माझ्या धाकटीचा बो (गज) वाजवता वाजवता घोडीपासून, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्यापासून, निसटतो आणि बोटपट्टीकडे सरकत जातो. सूर पोकळ होतो, पण तिचं तिला कळत नाही. मॅडम तिच्या कोपराला नुसतं बोट लावतात आणि बो सरळ होतो. आम्ही पैसे देतो ते मुख्यतः यासाठी.

फिडल शिकवणारी

अगदी खरं. म्हणूनच मला कानाने शिकलेली यांचा उपाय आवडला, पण तो दोन्ही बाजूंनी करायला हवा. आजारी मूल बरं झालं की त्याने दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा. मोबाइल उजव्या अंगाला, घोडी आणि कोपर दोन्ही दिसतील असा. चेहरा दिसायची गरज नाही. ते बघून मी नेमकं सांगू शकते: "दुसऱ्या भागाच्या तिसऱ्या बारमध्ये ए तारेवरून ई तारेवर जाताना कोपर वरच राहिलं, म्हणून दोन्ही तारा वाजल्या. तेवढ्या चारच स्वरांवर काम कर." समोरासमोरच्या तासाची बरोबरी होणार नाही, पण चूक पुढच्या आठवड्यापर्यंत घट्ट बसत नाही.

किरकोळ खोकला किंवा मुरगळलेला पाय असेल तर ऑनलाइन तासही घेता येईल. त्यात आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे एकत्र वाजवता येत नाही. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने ऐकायचं. आणखी एक, अनेक अ‍ॅप व्हायोलिनचा लांब स्वर पंख्याची घरघर समजून कापून टाकतात. सेटिंगमध्ये जाऊन आवाजाची ती गाळणी बंद करावी लागते.

बरीच वर्षं शिकवतोय

ताई, काम वाढवून घेताय. राखीव वेळेत रेकॉर्डिंग केलंत, मग व्हिडिओ कधी बघणार? लोक रात्री अकराला पाठवतील आणि सकाळी उत्तर मागतील. मी माझा नियम बदलणार नाही.

पहिल्याच वर्षाचा पालक

थोडं बाजूचं विचारतो. आमच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं तारा सुरात लावण्यातच जातात. हा वेळ कुणाचा धरायचा?

बरीच वर्षं शिकवतोय

तुमचा, पण उपाय सोपा आहे. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि तारा ताणणाऱ्या खुंट्या सैल होऊन फिरतात. त्या लहान मुलाने फिरवू नयेत. ई तार, म्हणजे सगळ्यात बारीक तार, जरा जास्त ताणली की तुटतेच. पण खालच्या बाजूला, तारा जिथे अडकवतात तिथे, सूर थोडा वर-खाली करायचे बारीक स्क्रू असतात. मुलांच्या वाद्यात ते चारही तारांना बसवून घ्या आणि ट्यूनर (सूर बरोबर आहे का ते दाखवणारं यंत्र किंवा अ‍ॅप) समोर ठेवून निघण्याआधी घरीच सूर जुळवा. जपानी व्हायोलिन-शिक्षक शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीत पालक तासाला हजर राहतो आणि घरी सरावही घेतो. तेवढं नको असेल, तरी हे एक काम शिकूनच घ्या. तुमची दहा मिनिटं वाचतील.

फिडल शिकवणारी

कलम बदलते आहे. सुट्टी, सहल, समारंभ यांची भरपाई नाही, कितीही आधी कळवलं तरी. मूल आजारी असेल तर राखीव वेळेत मी रेकॉर्डिंग करून पाठवीन, आणि नंतर आलेल्या एका व्हिडिओला उत्तर देईन. उत्तर दोन दिवसांत, रात्रीचं नाही. आजार खरा का, हे विचारणार नाही. खोटं सांगणाऱ्याला रेकॉर्डिंगच मिळतं, जादा तास नाही. मोठ्यांसाठी एकेका तासाचा वेगळा दर लिहिते आहे. क्लास सोडताना एक महिना आधी सांगावं, हे कलम आहे तसंच राहील.

दोन मुलांची आई

आजारपणाचं मान्य. आता मूल घरी ठेवताना मनात हिशेब होणार नाही. पण आम्ही सोडताना महिनाभर आधी सांगायचं, तर तुम्ही वेळ बदलताना आणि फी वाढवताना किती आधी सांगणार? ते कुठेच लिहिलेलं नाही.

फिडल शिकवणारी

वेळ बदलायची असेल तर एक महिना आधी, फी वाढवायची असेल तर दोन. आजच लिहिते.