पार्टटाइम गवत कापायचं काम सुरू करतोय, आधी ब्रश कटर घेऊ का लॉन मोअर?

कुलाबा_किनारा:
नमस्कार मंडळी. मी अलिबाग तालुक्यातला, कंपनीत फर्स्ट शिफ्टला जातो, साडेतीनला घरी येतो, घरची नारळ-सुपारीची छोटी वाडी आहे. आमच्या इकडे नागाव, आक्षी, किहीमला मुंबईवाल्यांचे बंगले किती झालेत ते माहीतच असेल तुम्हाला. मालक महिन्यातून एखादवेळी येतात आणि पावसाळ्यात तोवर गवत कमरेला लागतं. गेल्या पावसात ओळखीच्या एका मालकांनी विचारलं की कोणी माणूस मिळेल का, तर मीच भाड्याने मशीन आणून दोन दिवसांत त्यांचा प्लॉट साफ करून दिला, आणि त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, शेजाऱ्यांनी अजून कोणाला, असं करत आता सहा गिऱ्हाईकं तयार आहेत.

सहापैकी दोघांकडे खरं लॉन आहे, एक मेक्सिकन गवताचं साधारण ३ गुंठे आणि एक हरळीमिश्रित २ गुंठे. बाकी चार मोकळे प्लॉट, १० गुंठ्यांपासून २० गुंठ्यांपर्यंत, त्यात चिऱ्यांचे तुकडे, काटेरी झुडपं, मधे मधे नारळ. बजेट ४५ हजार, ते पण सोसायटीतून थोडं उचलून, त्यामुळे चुकीची वस्तू घेऊन चालणार नाही. गाडी म्हणाल तर फक्त बाईक आहे.

प्रश्न असा की आधी खांद्याला अडकवून चालवायचा ब्रश कटर घेऊ का चाकावालं लॉन मोअर? टू स्ट्रोक का फोर स्ट्रोक? ऑनलाइन ५२ सीसीचं मशीन नऊ हजारात दिसतंय ते कसं असतं? आणि बॅटरीवालं या कामाला चालतं का? ज्यांनी स्वतः काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

स्पार्कप्लग:
दादा, मी पेणला रिपेअरिंग करतो, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दुकानात ही मशीनंच पडलेली असतात म्हणून बोलतो. तुझ्याकडे सहात चार प्लॉट रानटी आहेत आणि वाहन बाईक आहे, इथेच उत्तर आलं, आधी ब्रश कटर. मोअर बाईकवर न्यायचं म्हणजे प्रत्येक वेळी टेम्पोभाडं, आणि चिऱ्याच्या तुकड्यावर मोअरचं पातं एकदा आपटलं की क्रँकशाफ्ट वाकतो, तो खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

आता नऊ हजारवालं. ते सुरू होतं, कापतं पण, घरच्या वाडीपुरतं वर्षातून दहा दिवस वापरणाऱ्याला मी नको म्हणत नाही. पण तू पैसे घेऊन काम करणार. त्यातल्या पुष्कळ मशीनवर ५२ सीसी लिहिलेलं असतं आणि उघडल्यावर सिलिंडर त्याहून लहान निघतो हे मी स्वतः मोजून बघितलंय. मुख्य अडचण मात्र पार्टची. क्लच ड्रम गेला, कार्ब्युरेटर गेला, तर नेमका त्याच मापाचा मिळेल याची खात्री नाही आणि ऐन ऑगस्टात मशीन पंधरा दिवस माझ्या फळीवर पडून राहतं. गिऱ्हाईक तेवढे दिवस थांबत नाही.

टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक यावर लोक भांडतात, पण दोन्ही चालतात. टू स्ट्रोक वजनाच्या मानाने ताकदवान, झुडपात दणकून चालतं, स्टिल कंपनीचं एफएस १२० किंवा त्याच्या वरचं एफएस २५० इकडे बागायतदारांकडे भरपूर दिसतं. फक्त पेट्रोलमध्ये ऑइल मिक्स करायचं गणित पाळायला पाहिजे, कंपनीचं चांगलं टू स्ट्रोक ऑइल असेल तर ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतणारे लोक पिस्टन घासवून माझ्याकडे येतात. फोर स्ट्रोकमध्ये होंडाचं ३५ सीसीचं इंजिन, यूएमके ४३५ मध्ये असतं ते, पेट्रोल कमी खातं, आवाज जरा खालचा, धूर नाही, मिक्सची भानगड नाही. त्यात ऑइल मावतं जेमतेम १०० मिली, म्हणून रोज सकाळी लेव्हल बघायची, एक दिवस विसरलास तर इंजिन बसलं. तुझं काम बंगल्यांवर आहे, मालक धुराला आणि आवाजाला कटकट करतात, म्हणून तुला मी फोर स्ट्रोक सांगेन.

एक गोष्ट मात्र कुठलंही घे तरी पाळ. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. आठवडाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी कर आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये काही राहत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातली सहा-सात मशीनं फक्त यामुळे बंद पडलेली असतात, कार्ब्युरेटरचा पडदा कडक झालेला नाहीतर जेट चोंदलेला. पात्याजवळच्या गिअर हेडमध्ये वीस-पंचवीस तासांनी ग्रीस, एअर फिल्टर रोज झटकायचा. आणि विकत घेण्याआधी दुकानदाराला एकच विचार, सर्व्हिस कुठे होणार आणि पार्ट किती दिवसांत येणार. त्याने नीट उत्तर दिलं नाही तर दुसरं दुकान बघ.

हिरवळताई:
स्पार्कप्लग दादांचं सगळं पटलं पण त्या दोन लॉनवाल्यांबद्दल मला बोलायचंय कारण मी तळेगावला अकरा वर्षं बंगल्यांची लॉनच सांभाळते. कृपा करून मेक्सिकनवर ब्रश कटर फिरवू नका. कितीही हात बसलेला असला तरी कंबर वळते तसा कटर गोल फिरतो, मधे खोल जातो आणि कडेला वर राहतो, दुसऱ्या दिवशी लॉनवर पिवळे चंद्र उठलेले दिसतात. मोकळ्या प्लॉटवर ते कोणी बघत नाही, लॉनवर मालक चहा घेऊन तेच बघत बसतात.

लॉनचा मुख्य नियम एकच आहे, एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापायचं नाही. तीन इंच झालं असेल तर दोनवर आणा, मग चार-पाच दिवसांनी पुन्हा. एकदम मुळापर्यंत उतरवलं तर हिरवा भाग सगळा जातो, खालचा वाळका देठ उघडा पडतो आणि लॉन सावरायला महिना घेतं, तेवढ्यात लव्हाळा घुसतो. पावसाळ्यात आठवड्याला, थंडीत पंधरा-वीस दिवसांनी असं माझं चक्र असतं. याचा अर्थ असा की लॉनवाला माणूस तुम्हाला वर्षभर पैसे देतो आणि प्लॉटवाला पावसाळ्यात दोनदा बोलावतो. दोनच लॉन आहेत म्हणून त्यांना दुय्यम समजू नका.

मोअर लगेच महागडं नको. पाच गुंठ्यांसाठी ढकलायचं हातमशीन, रीलवालं, जुन्या बागांमधले माळी वापरायचे तेच, ते घ्या. कात्रीसारखं कापतं त्यामुळे गवताच्या पात्याचं टोक फाटत नाही, पेट्रोल नाही आवाज नाही, दांडा सोडवला की बाईकवर मागे बांधून जातं. त्याच्या अटी दोन, गवत कोरडं पाहिजे आणि फार वाढलेलं नको, म्हणजे तुम्ही वेळेवर जायला पाहिजे. इलेक्ट्रिक मोअर मी तीन वर्षं वापरलं, कोरड्या दिवसांत छान, पण ओल्या गवतात वायर ओढत फिरायची मला भीती वाटते, आणि ज्या बंगल्याच्या बोर्डाला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच नाही तिथे तर अजिबात प्लग लावू नका. बॅटरीवाल्याला आवाज फार कमी, लॉनच्या कडा करायला उत्तम, पण २० गुंठे रान एका बॅटरीत होत नाही आणि जास्तीच्या बॅटऱ्या घ्यायच्या तर तुमचं बजेट तिथेच संपलं.

अजून एक, दादा तुम्ही रविवारी काम करायचं ठरवलं असेल तर आधी मालकांना विचारा. तुमची सुट्टी रविवारी आणि त्यांची पण रविवारीच, त्यात ते मुंबईहून शांततेसाठी आलेले असतात. माझं एक चांगलं गिऱ्हाईक याच कारणाने गेलं, काम उत्तम होतं तरी. तुम्ही साडेतीनला मोकळे होता ना, मग मंगळवार-बुधवार चार ते साडेसहा ठेवा, ऊनही उतरलेलं असतं.

राजापूरची_गंगा:
आमच्याकडे हापूसची बाग आहे, दरवर्षी पाऊस सरता सरता बेणणीला, म्हणजे बागेतलं गवत काढायला, चार मशीनं लागतात, म्हणून मशीनपेक्षा माणसाबद्दल लिहितो. तुझ्या ४५ हजारातून पाच हजार आधी बाजूला काढ, त्यात जाळीचा फेस शील्ड, आत गॉगल, कानाला मफ, पायाला गुडघ्यापर्यंत गार्ड आणि गमबूट. हे पुढच्या वर्षी घेऊ म्हणू नकोस. आमच्या एका गड्याच्या डोळ्याला चिऱ्याची कपची लागली होती, साधा चष्मा होता म्हणून डोळा वाचला, चष्म्याची काच फुटली. मशीन चालू असताना १५ मीटरच्या आत कोणी नको, मालकांची गाडी पण नको, कुत्रं तर नकोच. पोरं मशीन बघायला धावत येतात, दिसली की आधी इंजिन बंद कर मग बोल.

प्लॉटमध्ये शिरायच्या आधी काठी घेऊन एक फेरी मारायची, दगड, बाटल्या, तारा उचलायच्या आणि काठी आपटत जायचं. आपल्याकडे फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत, फुरसं तर चिऱ्याच्या फटीत असतं आणि दिसत नाही. संध्याकाळी साडेसहाला पावसाळ्यात ढगांनी अंधारून आलेलं असतं, ताईंनी सांगितलेली वेळ लॉनला ठीक, रानाला मात्र सहाच्या आत आटप.

पात्यांचं पण सांगतो. दगड असलेल्या जागी आणि गडग्याच्या कडेने नायलॉन दोरी, मोकळ्या उंच गवताला तीन दात्यांचं पातं, झुडपं जाड असतील तर जास्त दात्यांचं गोल पातं. पातं लावलं की त्याचाच गार्ड लावायचा, गार्ड काढून चालवणारे खूप बघितलेत, एकदा पातं सुटलं की मग बोलण्यासारखं काही राहत नाही. नायलॉन दोरी मऊ वाटते पण लहान सुपारीच्या बुंध्याला दोन-तीनदा घासली की साल सोलून रोप मरतं, मालकाची दहा रोपं मेली तर तुझी मजुरी त्यातच गेली. बुंध्याभोवती हातभर जागा विळ्याने काढ.

घरची वाडी आहे म्हणालास तर सातबारा असणारच. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात ब्रश कटरला अर्ज करता येतो, सर्वसाधारण शेतकऱ्याला ४० टक्के, अल्पभूधारक आणि महिलांना ५० टक्क्यांपर्यंत, वर मर्यादा ठरलेली असते. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला पाहिजे, आणि पूर्वसंमती यायच्या आधी मशीन घेतलंस तर अनुदान मिळत नाही. आमच्या शेजाऱ्याने बिल आधी केलं आणि अडकला.

कुलाबा_किनारा:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. रविवारचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, काल दोघा मालकांना फोन केला, दोघंही म्हणाले मंगळवारी ये. सातबारा आईच्या नावावर आहे, तिच्या नावाने अर्ज होईल का? आणि दर कसा लावायचा तेवढं सांगा, मी मागच्या वेळी दिवसाचे हजार घेतले पण पेट्रोल आणि मशीनभाडं जाऊन हातात काही राहिलं नाही.

राजापूरची_गंगा:
ज्याच्या नावावर जमीन त्याच्याच नावाने अर्ज, बँक खातं पण त्यांचंच आणि आधारला जोडलेलं. महिला म्हणून त्यांना ५० टक्क्यांत बसता येईल, सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) एकदा भेटून घे. पण मंजुरी पावसाच्या आधी येईलच असं धरून बसू नकोस, हंगाम गेला तर गिऱ्हाईकं दुसरीकडे जातील. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वाट बघ, नाही आली तर स्वतःच्या पैशाने घे.

हिरवळताई:
दिवसाचा दर नकोच. प्लॉट आधी बघून गुंठ्यावर सांगा, आणि कमरेएवढं गवत असेल तर पहिल्या वेळेला दीडपट, हे आधीच बोलून घ्यायचं. लॉनला महिन्याचा ठरवा, त्यात पावसाळ्यात चार कटिंग आणि इतर वेळी दोन असं कागदावर लिहून द्या. कापलेलं गवत उचलून न्यायचं का तिथेच खड्ड्यात टाकायचं ते पण लिहा, भांडणं पैशापेक्षा त्यावरूनच जास्त होतात. मशीनच्या डागडुजीसाठी प्रत्येक कामातले दहा टक्के वेगळ्या डब्यात टाका, मी अजून टाकते.

स्पार्कप्लग:
ताईंचं बरोबर. आणि दादा, ब्रश कटर घेताना दांडा मधून सुटणारा मिळतो का बघ, बाईकवर आडवा धरून न्यायला लागत नाही. डबल खांद्याचा हार्नेस बरोबर मागून घे, दुकानदार एकपट्टी देतात, त्याने दोन तासांत मान धरते.

कुलाबा_किनारा:
ठरलं मग. ३५ सीसी फोर स्ट्रोक, हातमशीन रीलवालं, आणि त्याआधी शील्ड-गॉगल-गमबूट. उद्या सुट्टी आहे, सकाळी आईला घेऊन ओळख क्रमांकाचं काम करून येतो आणि येताना दोन दुकानांत पार्टचं विचारतो. स्पार्कप्लग दादा, मशीन आलं की पहिल्या ग्रीसिंगला तुमच्याकडेच आणतो, कसं करायचं ते बघून घेईन.