टर्मक्समध्ये सी कंपाइल होतं, पण चालत नाही

कोरीपाटी:
बीसीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. लॅपटॉप नाही. भावाचा जुना अँड्रॉइड फोन मिळालाय, त्याला ओटीजीने कीबोर्ड जोडलाय. टर्मक्स या लिनक्सच्या कमांड चालवणाऱ्या ॲपमध्ये क्लँग हा सीचा कंपायलर टाकला, डाउनलोड फोल्डरमध्ये बेरजेचा प्रोग्राम लिहिला. एकही एरर न येता कंपाइल झाला, पण चालवायला गेले की ‘परमिशन डिनाइड’. सीएचमॉडने फाइलला चालवायची परवानगी देऊनही तेच. पायथनच्या पिपने नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी टाकायला गेले तर पाऊण तास फोन तापला आणि शेवटी लाल एररचा ढीग. सोमवारी प्रॅक्टिकल आहे. वर्गातले म्हणतात, फोनवर हे होत नसतं, नाद सोड. खरंच होत नाही का?

जुना_एस६०:
नाद सोडू नकोस. मी २००७ मध्ये नोकियाच्या एस६० फोनवर पायथन शिकलो. आकड्यांच्या बटणांवर कंस शोधता शोधता अंगठा दुखायचा, पण फॉर लूप मला पहिल्यांदा कळला तो एसटीत बसून, त्याच फोनवर.

तुझा प्रोग्राम बरोबर आहे. डाउनलोड हे सामाईक स्टोरेज. तिथली फाइल अँड्रॉइड चालवूच देत नाही, म्हणून सीएचमॉड वाया जातं. टर्मक्सच्या होममध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, मात्र चालते. क्लँगला मायनस ओ (तयार फाइल कुठे ठेवायची ते) देऊन ए.आउट ही चालणारी फाइल तेवढी होममध्ये काढ. टर्मक्स एफ-ड्रॉइड या ॲप स्टोअरवरचंच ठेव. अँड्रॉइड १० साठी बांधलेल्या ॲपला स्वतःच्या होममधली फाइलही चालवता येत नाही. एफ-ड्रॉइडवरचं अजून आधीच्या एपीआय २८ वर, म्हणजे अँड्रॉइड ९ साठी बांधलेलं आहे.

नमपायचं कारण वेगळं. पिपवरचं लिनक्सचं तयार नमपाय जीलिबसीसारख्या लिनक्सच्या सी लायब्ररीवर बांधलेलं असतं, अँड्रॉइडची सी लायब्ररी बायोनिक. दोन्ही जुळत नाहीत, मग पिप अख्खं नमपाय तुझ्या फोनवर कंपाइल करायला बसतो. टर्मक्सवाल्यांनी ते आधीच बांधून ठेवलंय: पीकेजी इन्स्टॉल पायथन-नमपाय.

कोरीपाटी:
बेरीज आली!! नमपायही दोन मिनिटांत बसलं. खूप खूप आभार दादा. आता सगळा कोड होममध्येच हलवू का?

घाटमाथा:
अजिबात नको. टर्मक्स अनइन्स्टॉल केलं की होमही पुसलं जातं. माझे दोन महिन्यांचे प्रोग्राम असेच गेले, अजून जीव तुटतो. सीच्या फाइली डाउनलोडमध्येच राहू दे. आणि फोन अँड्रॉइड १२ चा असेल तर ‘सिग्नल ९’ दाखवून टर्मक्स मध्येच बंद पडू शकतं. ॲपनी सुरू केलेल्या प्रोसेस सगळ्या मिळून ३२ च्या वर गेल्या की सिस्टीम त्या मारते. प्रॅक्टिकलच्या दिवशी एकच सेशन उघडं ठेव.