अकरावीत मराठी सोडून आयटी घ्यायचं का?

पिंपळपान:
लेकीला नाशिकला अकरावी सायन्स मिळालं. इंग्रजी सक्तीचं आहे, दुसऱ्या भाषेच्या जागी मराठी, हिंदी किंवा आयटी (माहिती तंत्रज्ञान) यांतून निवडायचंय. प्रवेश घेतानाच कॉलेजात सल्ला मिळाला, "आयटी घ्या, मार्क सुटतात." वर्गातल्या जवळपास सगळ्यांनी तेच घेतलंय म्हणे. दहावीला हिला मराठीत ९१ आहेत, शाळेच्या अंकात लिहायची. पंधराव्या वर्षी हिचा मराठीचा शेवटचा तास होऊन गेला, हे मला पचत नाहीये. तीन दिवस घरात हाच वाद चालू आहे. तुम्ही काय केलंत?

सह्यकडा:
आयटी घेऊ द्या. माझ्या मुलाने घेतलं होतं, पण मार्कांसाठी नाही, वेळेसाठी. मराठीचा पेपर म्हणजे तीन तास हाताने लिहायचं, रसग्रहण, निबंध. आयटीची ८० गुणांची परीक्षा संगणकावरच होते, प्रात्यक्षिकाचे २० वेगळे. बारावीच्या वर्षात सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, डोक्यावर असताना रोजचा एक तास वाचणं लहान गोष्ट नाही. शिवाय वेबसाइट बनवायला लागणारं जावास्क्रिप्ट, पीएचपी हाताखालून गेलं. आमच्या तालुक्यात तोवर त्याने संगणक नीट हाताळलाही नव्हता. भाषा घरात बोलतोच की आपण.

खडूफळा:
मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. "भाषा घरात बोलतोच" हे दर जूनमध्ये ऐकते. बोलणं आणि लिहिणं एक नव्हे हो. बारावीच्या युवकभारतीत, म्हणजे मराठीच्या पाठ्यपुस्तकात, फक्त कविता आहेत असं पालकांना वाटतं. त्यात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख आहेत. हे मुलं दुसरीकडे कुठे शिकणार? मराठी सक्तीचा २०२० चा कायदा दहावीपर्यंतच आहे. पुढे सगळं पालकांवर. आमच्याकडे सायन्सची मराठीची एक तुकडी याच कारणाने बंद झाली.

आणि मार्कांचंच म्हणाल तर राज्यातला इंजिनिअरिंगचा प्रवेश प्रामुख्याने सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतो. बारावीला खुल्या गटात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ४५ टक्के लागतात. मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेच्या गुणवत्ता यादीतही बारावीचे गुण धरत नाहीत. मग आयटीतले ते जास्तीचे मार्क नेमके कुठे कामाला येतात?

सह्यकडा:
मॅडम, जेईई परीक्षेतून एनआयटी, म्हणजे केंद्राचं इंजिनिअरिंग कॉलेज, हवं असेल तर बारावीला ७५ टक्क्यांची अट असते, तिथे येतात. त्यात पाच विषय धरतात: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा आणि आणखी एक विषय. दोन भाषा घेतल्या तर जास्त मार्कांचीच धरली जाते. आयटी असेल तर पाचवा विषय म्हणून उभा राहतो.

पिंपळपान:
बायोलॉजी ठेवलंय तिने, पाचवा विषय तोही होऊ शकतो.

तिसरीघंटा:
मी त्या "वेळ वाचवणाऱ्या" मुलांपैकी एक. आयटीत छान मार्क पडले, इंजिनिअर झालो. नंतर यूपीएससीकडे वळलो. तिथे भारतीय भाषेचा ३०० गुणांचा सक्तीचा पेपर असतो. २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर विचारातच घेत नाहीत. सरावाला मराठी निबंध लिहायला बसलो तर पाऊण पानावर अडकलो. ऱ्हस्व-दीर्घ जाऊ द्या, मला वाक्यच पुरं करता येईना. सगळे अधिकारी व्हायला जात नाहीत, मान्य आहे. तरी सहा वर्षांनी पुन्हा शुद्धलेखनाची वही आणली तेव्हा आईला तोंड दाखवायची लाज वाटली.

सह्यकडा:
तुमचा अनुभव खरा आहे. पण त्याचं ओझं पंधरा वर्षांच्या पोरीवर आत्ता का टाकायचं? यूपीएससीला बसायचं ठरलं तर तेव्हा तयारी करता येते, तुम्ही केलीतच ना.

पिंपळपान:
काल रात्री हे सगळं लेकीला वाचायला दिलं. वाचून म्हणाली, "आई, मार्क आणि वेळ यावरच सगळे बोलतायत. मला शाळेच्या अंकासारखं काहीतरी वेबसाइटवर काढायचंय, म्हणून आयटी हवंय." हे तिने तीन दिवसांत एकदाही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. कारण पटतंय, पण जड जातंय. फॉर्म सोमवारी द्यायचाय.

खडूफळा:
मग घेऊ द्या तिला आयटी. हे कारण मार्कांचं नाही, म्हणून मी अडवणार नाही. युवकभारती बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, त्यातला मुलाखतीचा पाठ आधी वाचायला सांगा, अंकासाठी लगेच उपयोगी पडेल. मात्र ९१ मार्कांची पोर मराठीच्या वर्गात बसणार नाही याचं मला वाईट वाटतंय, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.