फ्यूजनचा फॉरवर्ड आणि टंगस्टनची भिंत

ए-३०२ काका: शुभ सकाळ. दुसऱ्या ग्रुपवरून आलंय, 'फ्यूजन अणुभट्टीत किरणोत्सार शून्य, अपघात अशक्य.' नातू विचारतोय, खरं का? सी-२०४ ताई, तुमचा विषय ना हा?

सी-२०४ ताई: हो काका, धातूंचंच काम माझं. फॉरवर्ड अर्धा खरा आहे. फ्यूजन म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवणं, त्यात साखळी प्रक्रिया नसते. काही बिघडलं की प्लाझ्मा, म्हणजे आतला अतितप्त वायू, लगेच विझतो, भट्टी हाताबाहेर जात नाही. पण ड्यूटेरियम-ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड प्रकारांच्या प्रत्येक मीलनातून १४ एमईव्ही ऊर्जेचा, म्हणजे फार वेगवान न्यूट्रॉन सुटतो आणि भोवतालच्या धातूत घुसतो. पोलादातल्या लोखंडापासून किरणोत्सारी मँगनीज-५४ तयार होतं, त्याचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ) ३१२ दिवस. निकेल असेल तर कोबाल्ट-६०, ५ वर्षांहून जास्त. 'शून्य' म्हणणं चूकच.

बी-१०१ दादा: पण धातू घन आहे. तो भिंतीतच राहणार ना? बाहेर काय येणार?

सी-२०४ ताई: दादा, मुद्दा इथेच आहे. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतो, म्हणून आतल्या भिंतीला तो निवडतात. पण हवा लागली की वितळायची वाटच बघावी लागत नाही. साधारण १००० अंशांच्या पुढे त्याचा ऑक्साइड कापरासारखा थेट वाफ होऊन उडतो, आणि किरणोत्सारी अणू त्याच्याबरोबर जातात. मॉलिब्डेनमचा ऑक्साइड तर त्याहून कमी तापमानाला उडतो.

बी-१०१ दादा: भट्टी विझल्यावर १००० अंश कुठून येणार?

सी-२०४ ताई: किरणोत्सारी झालेला धातू स्वतःच तापत राहतो. भविष्यातल्या वीज केंद्रांच्या आराखड्यांवर केलेली गणितं आहेत: थंड करणारं पाणी पूर्ण गेलं आणि कोणी काहीच केलं नाही, तर भिंत इतकी तापून कित्येक दिवस तशीच राहू शकते. त्यात निर्वात पात्र फुटून हवा आत शिरली, तर तो सगळ्यात वाईट प्रसंग. म्हणून अमेरिकेत आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९८०च्या दशकापासून पोलाद आणि टंगस्टनचे तुकडे हवेत, वाफेत तापवून किती वजन उडालं ते मोजलं गेलं. मला हे काम फार मोलाचं वाटतं. भट्टी उभी राहायच्या आधी कोणीतरी तिच्या अपघाताचा हिशोब मांडत बसलंय.

डी-५०३ काकू: मग चेर्नोबिलसारखं होऊ शकतं का गं? आमचे जावई फ्रान्समध्ये आहेत, कादाराशजवळ. तिथेच ईटर ही आंतरराष्ट्रीय फ्यूजन भट्टी बांधतायत ना?

सी-२०४ ताई: नाही काकू, तसं होणार नाही. आत एका वेळी ग्रॅमभरही इंधन जळत नसतं. शेजारच्या वस्तीला घर सोडावं लागू नये, हेच फ्यूजनच्या सुरक्षेचं ध्येय मानतात. ईटरमध्ये पात्रातल्या किरणोत्सारी ट्रिटियमला १ किलोची मर्यादा आहे आणि भिंत झिजून साठणाऱ्या धुळीलाही १००० किलोची. धूळ मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती उडायला काही तापावंच लागत नाही. ईटरची आतली भिंत आधी बेरिलियमची ठरली होती. २०२३मध्ये टंगस्टनचा प्रस्ताव आला. बेरिलियम विषारी, शिवाय तापलेलं असताना वाफ लागली की हायड्रोजन तयार होतो.

ए-३०२ काका: आपल्याकडे यात काही चाललंय का?

सी-२०४ ताई: चाललंय ना! ईटरचं प्रचंड क्रायोस्टॅट, म्हणजे भट्टीला बाहेरून वेढणारं निर्वात पात्र, त्याचे भाग भारतात तयार झाले, गुजरातेत हजिऱ्याला. आणि कल्पाक्कम, गांधीनगर, हैदराबाद इथल्या संस्थांनी मिळून फ्यूजन भट्टीसाठी खास पोलाद बनवलंय. त्यात मॉलिब्डेनम-नायोबियमऐवजी टंगस्टन आणि टँटलम. न्यूट्रॉन लागून नायोबियमचं नायोबियम-९४ होतं, त्याचं अर्धायुष्य २० हजार वर्षं, म्हणून नायोबियम शक्यतो नकोच.

बी-१०१ दादा: आणि टंगस्टन उडण्यावर उपाय?

सी-२०४ ताई: जर्मनीत युलिशला टंगस्टनमध्ये क्रोमियम आणि थोडं इट्रियम मिसळून पाहिलंय. हवा लागली की आधी क्रोमियमच्या ऑक्साइडची घट्ट साय धरते आणि आतलं टंगस्टन झाकलं जातं. वर्षानुवर्षं न्यूट्रॉन खाल्ल्यावरही ती साय धरेल का, हे मात्र तपासावंच लागेल. तसा न्यूट्रॉनांचा मारा करणारं यंत्र स्पेनमध्ये ग्रॅनाडाजवळ उभं राहतंय. काका, नातवाला संध्याकाळी पाठवा, मी कागदावर काढून दाखवते.