मदत हवी आहे: सदोष पात्रं शेवटपर्यंत नीट सांभाळणारी मालिका सुचवा

'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या डेनेरिस राणीचा शेवट मला अजून पचलेला नाही. ती क्रूर झाली याची तक्रार नाही, ते बीज पहिल्यापासून होतंच. पण पहिल्या ६ सीझनना दहा-दहा भाग आणि २०१९च्या शेवटच्या सीझनला जेमतेम ६! शरणागतीच्या घंटा वाजल्या आणि तरी बाईंनी शहर जाळलं. 'ब्रेकिंग बॅड'ने शिक्षकाचा गुन्हेगार झालेल्या वॉल्टर व्हाइटला ६२ भागांत हळूहळू घसरू दिलं, म्हणून तो पटला. एरवी लेखक अशा पात्राला एकतर रडवून माफ करतात, नाहीतर घाईघाईत मारतात (मेला म्हणजे सुधारला का?).

दोष न पुसताही पात्र आपलं वाटतं, अशी मालिका माहीत आहे का कुणाला? पूर्ण झालेलीच सांगा, भाषा कुठलीही चालेल. फक्त शेवट फोडू नका, प्लीज.