मदत हवी आहे: मुंबई–लंडन विमानाला नक्की किती तास धरायचे?

निशिगंध: आईला लंडनला पाठवायचंय, एकटी जाणार आहे. ती इन्सुलिन घेते. डॉक्टर म्हणतात आधी प्रवासाचे तास सांगा, मग डोसच्या वेळा ठरवू. एका साइटवर अंतर ७२०० किमी, वेळ ९ तास. दुसरीकडे साडेदहा. तिकिटावर सुटणार पहाटे ५:१५, पोहोचणार सकाळी १०:००. खरं काय धरू? संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचंय, लवकर सांगा.

ठाणेकर: थेट आहे की मध्ये कुठे थांबतं? महिना कुठला?

मुशाफिर: त्यात काय एवढं! घड्याळात पावणेपाच तास होतात, त्यात भारत आणि लंडनच्या वेळेतल्या फरकाचे साडेचार मिळवा. सव्वानऊ.

ठाणेकर: साडेचारचा फरक उन्हाळ्यातला हो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे घेतात, मग फरक साडेपाचचा. म्हणून तर महिना विचारला.

निशिगंध: नोव्हेंबर. थेट, हीथ्रोला. आपल्याकडचीच कंपनी आहे. पण मग ते ९ तास आले कुठून?

विमानवेडा: नोव्हेंबर असेल तर सव्वादहा तास, तेच धरा. अंतर सांगणाऱ्या साइट्स दोन विमानतळांमधल्या सर्वांत जवळच्या रेषेला सरासरी वेगाने भागतात, वर चढ-उताराचा अर्धा तास टाकतात. त्या रेषेवरून कुणी उडत नाही. ती बलुचिस्तान, इराण, काळा समुद्र करत युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद, आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना हद्द बंद केली. म्हणजे वळसा आलाच. त्यात जाताना जेट स्ट्रीमचा (खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा) जोरदार वारा समोरून, थंडीत त्याला जोर जास्त. येताना तोच पाठीशी असतो, त्यामुळे परतीचा वेळ कमी दिसेल. आणि तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, धावपट्टीपर्यंत रांगेत थांबणंही त्यातच आलं.

रमाकाकू: एवढा वेळ एका जागी बसवू नका त्यांना. दुबईमार्गे न्या, पाय मोकळे होतात. मी तशीच जाते.

ठाणेकर: काकू, इन्सुलिनवरच्या एकट्या बाईला अनोळखी विमानतळावर गेट शोधायला लावायचं? थेटच बरं. व्हीलचेअर मात्र आधी सांगून ठेवा.

रमाकाकू: दुबईतही व्हीलचेअर मिळते, सोबत माणूस असतो.

सुगरण: बॅगेत पेढे, बर्फी देऊ नका. दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत. बेसनाच्या लाडवांतही तूप असतं, ते चालतात का आधी बघा.

निशिगंध: तिकीट काढून झालंय! लाडवांचंही नंतर बघू. डॉक्टरांना फक्त सव्वादहा सांगू का?

विमानवेडा: नाही. पहाटे ५:१५ चं विमान म्हणजे दोनच्या सुमाराला विमानतळावर, घर त्याआधी सोडायचं. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग. घरातून निघाल्यापासून तिकडच्या घरी पोहोचेपर्यंतचे तास सांगा. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. खालच्या सामानात ते गोठू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठीही सोबत द्या.

निशिगंध: घर कल्याणला. म्हणजे सोळा-सतरा तास होतील. विमानात जेवण किती वाजता देतात?

ठाणेकर: ठरलेली वेळ नसते, हादरे बसत असले तर लांबतंही. जेवण समोर आल्यावर डोस घेतला तर चालेल का, हे आजच विचारून घ्या.